उन्हाळ्यातला अल्पाका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्पाका म्हणजे दक्षिण अमेरिकेतला, उंटाच्या कुळातला, लोकरीसाठी पाळला जाणारा प्राणी. तो पाळणाऱ्याला पहिल्या उन्हाळ्यात जे प्रश्न पडतात ते इथे एकत्र केले आहेत. क्रम काटेकोर नाही. बरीचशी उत्तरं फिरून एकाच जागी येतात, ती म्हणजे प्राण्याच्या पोटाखाली. असं का, ते दुसऱ्या प्रश्नात आहे. तुमचा प्राणी आत्ता तोंड उघडून धापा टाकत असेल, तर मात्र इथे रेंगाळू नका. थेट 'उष्माघात झालाय असं वाटतंय' या प्रश्नावर जा.

अल्पाकाला ऊन सोसतच नाही का?

सोसतं. तो अँडीज पर्वतातला, ३,५०० ते ५,००० मीटर उंचीवरच्या पठारांचा प्राणी. तिथली हवा विरळ, ऊन चांगलंच कडक. पण हवा कोरडी असते आणि सूर्य मावळला की थंडी पडते. म्हणजे ऊन त्याला परकं नाही. परकी आहे ती दमट हवा, आणि रात्रभर न उतरणारा उकाडा. दिवसभर अंगात साठलेली उष्णता तो रात्री बाहेर टाकतो. रात्रही तापलेलीच राहिली, तर दुसऱ्या दिवसाची सुरुवातच उधारीवर होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्राणी बसतो आणि आपण म्हणतो, 'काल तर चांगला होता!' म्हणून दुपारचा पारा किती चढला यापेक्षा पहाटेचा किती उतरला, हे मी आधी बघतो.

पोटाखाली एवढं काय आहे?

अल्पाकाच्या पाठीवर, बरगड्यांवर आणि मानेवर दाट लोकर असते. पोटाची खालची बाजू, पुढच्या पायांच्या बगला, मागच्या मांड्यांची आतली बाजू आणि शेपटीखालचा भाग मात्र जवळजवळ उघडा असतो. तिथली कातडी पातळ, केस विरळ, आणि घामाच्या ग्रंथीही मुख्यतः याच भागात. शरीरातली उष्णता बाहेर जाण्याची ही खिडकी आहे. वरून गोधडी पांघरलेली आणि खाली खिडकी उघडी, अशी रचना.

ही रचना एकदा डोक्यात बसली की पुढचं बरंच आपोआप सुचतं. पंखा खाली लावायचा. पाणी खालून मारायचं. बसायची जमीन गार ठेवायची, कारण प्राणी पाय दुमडून बसला की ती खिडकी थेट जमिनीला टेकते. तापलेल्या काँक्रीटवर किंवा जाड, कोरड्या पेंढ्यावर बसलेला अल्पाका सावलीत असूनही तापत राहतो. आणि पोटाखालचे केस गुठळ्यांनी, चिखलाने, गोखरूंनी भरले असतील, तर खिडकीला आपणच फळ्या ठोकल्यासारखं होतं.

किती तापमान झालं की काळजी करायची?

नुसत्या तापमानावर जाऊ नका, दमटपणा जोडून बघा. अल्पाका पाळणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशोब चालतो : फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतली आर्द्रता (टक्के) यांची बेरीज करायची. बेरीज १२०च्या खाली असेल तर सहसा चिंता नाही. १५०च्या पुढे गेली की लक्ष ठेवायचं आणि धावपळीची कामं बंद. १८० म्हणजे धोका. सेल्सिअसचं फॅरनहाइट करायला १.८ने गुणून ३२ मिळवा.

उदाहरणार्थ, ३२ अंश सेल्सिअस म्हणजे जवळजवळ ९० फॅरनहाइट. आर्द्रता ६० टक्के असेल, तर बेरीज १५० होते. ३५ अंशांना ९५, त्यात ८५ टक्के आर्द्रता, की झाले १८०.

या हिशोबाला एक भोक आहे. हवा ४३ अंशांची आणि आर्द्रता १० टक्के असेल, तर बेरीज १२०च्या आसपासच येते. कागदावर सगळं ठीक. पण हवा प्राण्याच्या अंगापेक्षा गरम असली की उष्णता बाहेर जायच्याऐवजी आत यायला लागते, आणि मग सगळा भार घामावर आणि श्वासावर पडतो. अशा कोरड्या झळांच्या दिवशी बेरीज विसरा आणि प्राण्याकडे बघा.

लोकर कधी कातरायची?

उकाडा सुरू व्हायच्या आधी, वर्षातून एकदा. उन्हाळ्यासाठी तुम्ही बाकी काहीही केलं नाही आणि वेळेवर कातरणी केली, तरी निम्मी लढाई जिंकली. उलट बाकी सगळं करून कातरणी हुकली, तर पंखे आणि पाणी नुसती दमछाक करतात.

अगदी कातडीलगत भादरू नका. अर्धा ते एक सेंटिमीटर लोकर मागे ठेवली तर कातडी उन्हाने भाजत नाही. पांढऱ्या, गुलाबी कातडीच्या प्राण्यांना नाक आणि कानांवरही ऊन लागतं. कातरणीनंतरचे काही दिवस त्यांना दुपारी सावलीतच ठेवा. कातरणारा माणूस घाईत पोट, बगल आणि मांडीच्या आतला भाग सोडून देतो, कारण तिथली लोकर विकायच्या कामाची नसते. तो भाग साफ करून घ्यायला आवर्जून सांगा. कातरणीसाठी प्राणी आडवा ताणून धरावा लागतो, तो घाबरतो आणि तापतो, तेव्हा हे काम सकाळीच उरका.

हुआकाया आणि सुरी यांत जास्त उकडतं कुणाला?

हे अल्पाकाचे दोन प्रकार. हुआकायाची लोकर फुगीर, स्पंजासारखी. सुरीची लांब लटांची, अंगाला धरून खाली लोंबणारी. सुरीच्या पाठीच्या कण्यावर लोकरीचा भांग पडतो आणि तिथे ऊन थेट कातडीवर येतं. पण न कातरलेला सुरी आणि न कातरलेला हुआकाया, दोघंही संकटातच असतात. गडद रंगाचे प्राणी उन्हात जास्त तापतात, एवढा फरक जरूर लक्षात ठेवा.

झाडाची सावली बरी की शेड?

झाड. पानांतून हवा खेळते आणि खालची जमीन गार राहते. फक्त झाड कोणतं ते बघा. कण्हेर अल्पाकासाठी जीवघेणी विषारी आहे, वाळलेली पानंसुद्धा. कुंपणालगत ती शोभेला लावलेली असते आणि छाटलेल्या फांद्या नेमक्या आत पडतात.

शेड बांधायचीच असेल, तर उंच बांधा आणि शक्य तितक्या बाजू उघड्या ठेवा. नुसता पत्रा भर दुपारी तव्यासारखा तापतो आणि ती धग खाली बसलेल्यांच्या पाठीवर उतरते. पत्र्याला वरून पांढरा रंग द्या, वर गवताचा थर टाका किंवा खाली दुसरं आच्छादन ताणून मध्ये हवेची फट ठेवा. तिन्ही उपायांनी फरक पडतो.

एक गोष्ट कळप बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. सावली सगळ्यांना पुरेल एवढी असली, तरी ती सगळ्यांना मिळतेच असं नाही. कळपातले दांडगे प्राणी मधली गार जागा धरतात, आणि दबलेला, म्हातारा किंवा नवा आलेला प्राणी उन्हात उभा राहतो. एका मोठ्या सावलीपेक्षा दोन वेगळ्या सावल्या बऱ्या. शेडला दारंही दोन हवीत, म्हणजे कुणी एक जण दारात बसून बाकीच्यांना अडवणार नाही.

पंखा कुठे लावायचा?

खाली. छताचा पंखा आपल्याला बरा वाटतो, पण बसलेल्या अल्पाकाच्या पाठीवरच्या लोकरीला तो नुसता गुदगुल्या करतो. जमिनीलगत, प्राण्याच्या पोटाच्या उंचीवर हवा वाहील असा पंखा ठेवा. सवय झाली की ते स्वतःच उठून पंख्याकडे तोंड किंवा ढुंगण करून उभे राहतात. इथेही मानाच्या जागा ठरलेल्या असतात.

वायर पाइपमधून न्या किंवा दातांच्या पलीकडे ठेवा. आणि घरातला साधा पंखा गोठ्यात दिवसरात्र चालवू नका. त्याच्या उघड्या मोटरमध्ये धूळ आणि लोकरीचे तंतू जाऊन बसतात, मोटर तापते, आणि शेजारी वाळलं गवत असतं. बंद मोटरचा, गोठ्यासाठी केलेला पंखा घ्या.

बारीक तुषार सोडणारे फवारे चालतील का?

कोरड्या हवेत चालतील. दमट हवेत ते दमटपणाच वाढवतात, म्हणजे दुखण्यावर मीठ. शिवाय अगदी बारीक तुषार कातडीपर्यंत पोहोचतच नाहीत, लोकरीवर दवासारखे बसून राहतात.

गार वाटावं म्हणून अंगावर पाणी मारलं तर बिघडतं काय?

कुठे मारता यावर आहे. पाठीवर मारलेलं पाणी लोकरीत अडकतं. वरचा थर भिजतो, आतली हवा कोंडते, आणि ओल्या लोकरीच्या पांघरुणाखाली प्राणी शिजतो. रोज असं केलं तर लोकर कुजते, कातडीचे विकार होतात आणि माश्या बसतात त्या वेगळ्याच.

पाय, पोट, बगला आणि मांड्यांची आतली बाजू इथे पाणी मारा. सुरुवात पावलांपासून करून वर जा. पहिल्या दिवशी बहुतेक जण उडी मारून पळतात. आठवड्याभरात तेच नळीपुढे येऊन एकेक पाय उचलून उभे राहतात. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी उकळतं असतं, ते आधी जमिनीवर सोडून द्या. मग हाताला गार लागेल तेव्हा प्राण्याकडे वळवा.

पाण्याचा उथळ टब ठेवला तर?

हौशीने ठेवतात, आणि अल्पाका त्यात मजेत उभेही राहतात. अडचण अशी की काही जण त्यात बसतात आणि उठतच नाहीत. पोटाची लोकर दिवसभर भिजत राहते, तुटते, कुजते. पाणी दोन तासांत लेंड्यांनी घाण होतं. लहान पिल्लू त्यात बुडू शकतं.

माझं मत सावलीतल्या ओल्या वाळूला. वाळूचा थर टाका, सकाळी आणि दुपारी त्यावर पाणी मारा. पाणी निथळून जातं, गारवा मागे राहतो, आणि प्राणी पोट टेकून बसतो. खर्च कमी, कटकट कमी.

किती पाणी पितात?

मोठा अल्पाका साधारण ५५ ते ८५ किलोचा असतो आणि दिवसाला ४ ते ८ लिटर पाणी पितो. कडक उन्हाळ्यात आणि दूध पाजणाऱ्या मादीला याहून जास्त लागतं. पण हा प्राणी पाण्याच्या बाबतीत चोखंदळ आहे. शेवाळलेलं, कोमट झालेलं किंवा कुणी पाय घातलेलं पाणी तो वास घेऊन सोडून देतो आणि तहानलेला राहतो. बादल्या सावलीत ठेवा, एकाहून जास्त ठेवा, आणि रोज घासा. खरोखर घासा, नुसत्या विसळू नका.

क्षारांचं पाणी द्यायचं असेल, तर वेगळ्या बादलीत द्या आणि शेजारी साधं पाणी ठेवाच. चव आवडली नाही म्हणून कळप दिवसभर प्यायलाच नाही, असं होऊ शकतं.

खाण्यात काही बदल?

वेळेत बदल. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात चारा आंबतो तेव्हा उष्णता तयार होते, आणि जितका चारा भरड आणि काडीसारखा, तितकी ती जास्त. मुख्य वैरण पहाटे आणि सूर्य कलल्यावर टाका. चांगल्या प्रतीचं मऊ वाळलं गवत उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. खुराक कमी करा. लठ्ठ अल्पाका उन्हाळ्यात सगळ्यात आधी कोलमडतो. लोकरीमुळे लठ्ठपणा डोळ्यांना दिसत नाही, पाठीच्या कण्यावर हात ठेवून तपासावा लागतो.

चराईत टॉल फेस्क्यू हे गवत असेल, तर सावध राहा. त्यात वाढणाऱ्या एका बुरशीमुळे रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता कातडीपर्यंत येऊच शकत नाही, आणि इतर उपाय केले तरी प्राणी तापलेलाच राहतो.

नर, गाभण माद्या आणि पिल्लं यांच्यासाठी वेगळं काही?

नराचे वृषण अंगालगत असतात, त्यामुळे उन्हाचा फटका त्यांना लवकर बसतो. पिशवीवर सूज दिसली तर ती धोक्याची खूण समजा. शुक्रजंतू तयार व्हायला दोन महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून उन्हाने तापलेला नर उन्हाळा संपल्यावरही काही काळ फळत नाही. लगेच त्याला नापास करू नका. जोडी लावायची तर पहाटे लावा : अल्पाका बसून मिलन करतात, अर्धा-अर्धा तास, आणि तेवढा वेळ मादीचं पोट जमिनीला आणि नराचं पोट तिच्या पाठीला चिकटलेलं असतं. भांडखोर नर शेजारी ठेवू नका. भर दुपारची एक पाठलागाची फेरी पुरेशी असते.

मादी साडेअकरा महिने गाभण राहते. म्हणजे ज्या हंगामात जोडी लावाल, साधारण त्याच हंगामात पुढच्या वर्षी पिल्लू येईल. ऐन उकाड्यात वीण नको असेल, तर हिशोब वर्षभर आधी करावा लागतो. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण मादीला उष्णतेचा ताण पडला तर ती गाभडू शकते, त्यामुळे सगळ्यात गार जागा तिची.

नव्या पिल्लाला तहान दाखवता येत नाही. ते आईशेजारी उन्हात झोपून जातं आणि आई चरत पुढे निघून जाते. दुपारी सगळी पिल्लं मोजा. जे मऊ पडलंय, दूध ओढत नाही, त्याला आधी सावलीत आणा आणि मग ताप बघा.

माझा अल्पाका भर उन्हात आडवा पसरलाय, पाय ताणलेत, मान जमिनीवर. मेलाय का?

बहुधा नाही. त्यांना ऊन खायला आवडतं, आणि पाय पसरून पोटाची बाजू उघडी टाकणं हा त्यांचा आरामाचा प्रकार आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतोच. जवळ जा, हाक मारा. कान हलला, मान उचलून तुच्छतेने बघितलं, की तुम्ही परत जा. कान हलला नाही, श्वास भराभर चालू असेल किंवा तोंडातून लाळ गळत असेल, तर पुढचे दोन प्रश्न वाचा.

त्रास होतोय हे कसं ओळखायचं?

नाकपुड्या फुगतात. श्वास वाढतो : शांत बसलेला अल्पाका मिनिटाला १० ते ३० वेळा श्वास घेतो, आणि सावलीत बसूनही तो ४०च्या पुढे गेला तर काहीतरी बिघडलंय. पुढे खालचा ओठ लोंबतो, लाळ गळते, खाणं सुटतं, प्राणी कळपापासून बाजूला बसतो. तोंड उघडून श्वास हा फार पुढचा टप्पा आहे. मग पाय थरथरतात, चाल लडखडते, आणि शेवटी तो उठत नाही.

खात्री थर्मामीटरने होते. साधा डिजिटल थर्मामीटर गुदद्वारात लावायचा, त्याला दोरा बांधून चिमट्याने शेपटीच्या लोकरीला अडकवायचा. मोठ्या प्राण्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.९ अंश सेल्सिअस असतं. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त हे नैसर्गिक आहे. ४०च्या पुढे गेलं की तातडीची वेळ. आपापल्या प्राण्यांची बऱ्या दिवसांतली तापमानं वहीत लिहून ठेवलीत, तर वाईट दिवशी तुलना करायला काहीतरी हाताशी राहतं.

उष्माघात झालाय असं वाटतंय. आत्ता काय करू?

पशुवैद्याला फोन लावा, आणि तो येईपर्यंत थांबू नका.

प्राण्याला सावलीत आणा. चालत नसेल तर चालवू नका, सावलीच त्याच्यावर धरा. ताप मोजा. पोट, बगला, मांड्यांची आतली बाजू आणि पाय यांवर भरपूर गार पाणी सोडा आणि त्याच वेळी पंखा चालू करा; नुसत्या पाण्यापेक्षा पाणी आणि वारा मिळून जास्त काम करतात. बसलेल्याच्या पोटाखाली पाणी पोहोचत नाही, म्हणून आधार देऊन उभा करता आला तर बघा, नाहीतर थोडा वेळ कुशीवर कलता करा. लोकर न कातरलेली असेल आणि हाताशी माणूस असेल, तर पोट आणि बरगड्यांवरची कापून टाका. चांगली-वाईट बघू नका. तेही जमत नसेल, तर अशा वेळी पाठ भिजवायला हरकत नाही, फक्त पाणी कातडीपर्यंत मुरलं पाहिजे. वरवरचा शिडकावा वाईटच.

धापा टाकणाऱ्या किंवा मान टाकलेल्या प्राण्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. स्वतःहून प्यायला तर पिऊ द्या. दर पाच-दहा मिनिटांनी ताप बघा आणि ३९.५च्या आसपास आला की पाणी थांबवा, कारण त्यानंतरही तो काही वेळ उतरत राहतो.

तासाभरात प्राणी उठला, गवताला तोंड लावलं, म्हणजे संपलं असं नाही. स्नायूंना आणि मूत्रपिंडांना झालेली इजा एक-दोन दिवसांनी वर येते. पशुवैद्याने रक्त तपासायला सांगितलं तर टाळू नका.

उन्हाळ्यात वाहतूक करावीच लागली तर?

पहाटे निघा, हवा खेळती ठेवा, गाडी उन्हात उभी करू नका. चालत्या गाडीत वारा असतो. चहाला थांबलात की तोच डबा भट्टी होतो. नखं कापणं, लस टोचणं, म्होरकी घालून चालायला शिकवणं, हेही सकाळीच.

दमट दिवसांत एक प्राणी इतरांपेक्षा लवकर थकतो. म्हातारपण?

असू शकेल, पण आधी डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. फिकट, पांढुरका असेल तर जंतांनी रक्त प्यायलेलं असू शकतं. उबदार, ओल्या हवेत रक्तपिपासू जंत झपाट्याने वाढतात, आणि रक्त कमी झालेला प्राणी उकाडा पेलू शकत नाही. अशाला कितीही पंखे लावलेत तरी उपयोग नाही, लेंड्यांची तपासणी करून औषध द्यावं लागतं.

उन्हाळा अर्धा सरला आणि कातरायचं राहूनच गेलं. आता कातरू का?

अजून महिना-दीड महिना उकाडा शिल्लक असेल, तर हो, उद्या सकाळीच. लोकर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते, थंडी पडेपर्यंत अंगावर किती येईल याचा हिशोब त्यावरून करा. थंडी तोंडावर आली असेल, तर पूर्ण कातरू नका. पोट, बगला, मांड्यांच्या आतला भाग मोकळा करा आणि बरगड्यांभोवती एक रुंद पट्टा काढा; मान आणि पाय तसेच राहू द्या. प्राणी जरा विचित्र दिसेल. पुढच्या कातरणीपर्यंत लोकर कमी-जास्त लांबीची येईल आणि विकताना भाव पडेल, पण हे नुकसान परवडणारं आहे.